बराक नंबर १२ फक्त विमानाने येणाऱ्यांसाठीच का?

२०१८ च्या जुलैमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या जज एमा आर्बथनॉट यांनी भारत सरकारला सांगितलं की आर्थर रोड जेलमधल्या बराक नंबर १२ चा व्हिडिओ काढून पाठवा, आणि तो भर दुपारी काढा, म्हणजे खिडकीतून उजेड किती येतो ते मला कळेल. विजय मल्ल्याच्या प्रत्यार्पणाची केस होती ती. ही बातमी आली तेव्हा मी कोर्टाच्या बाररूममध्ये डबा खात होते आणि तिथे जो गलका झाला तो मला अजून आठवतोय. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकले ते सीनियर सर टेबलावर हात आपटून म्हणाले, हे जेल बांधलं ह्यांनीच, आपल्या माणसांना कोंबलं ह्यांनीच, आणि आता आपल्या खिडक्या मोजतायत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीपण.

आज नाही डोलावणार. का ते सांगते, थोडं लांबेल पण वाचा, कारण हा विषय मल्ल्याचा किंवा नीरव मोदीचा नाहीये, तो शेवटी आपल्याच गावातल्या जेलपाशी येऊन थांबतो.

आधी एक गैरसमज काढू. फॉरेनच्या कोर्टात प्रत्यार्पणाची केस चालते तेव्हा तिथला जज माणूस गुन्हेगार आहे की नाही हे ठरवतच नाही. ते काम आपल्या कोर्टाचं. तिथे प्रश्न एवढाच असतो की ह्या माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध विमानात बसवून दुसऱ्या देशाच्या ताब्यात द्यायला कायदा परवानगी देतो का. त्यासाठी जज बघतो की हा माणूस तोच आहे ना, जे केलं म्हणतात तो आमच्याकडेही गुन्हा आहे का, कागद नीट आहेत का, आणि भारतासारख्या देशाची मागणी असेल तर इंग्लंडचं कोर्ट अजून एक पायरी वर जातं, म्हणजे केस उभी राहील इतका प्रथमदर्शनी पुरावा आहे का तेपण तपासतं. मग येतात अडथळे. राजकीय मतामुळे किंवा धर्मामुळे मागतायत का, फार वर्ष होऊन गेलीत का, ह्याच गोष्टीसाठी आधी एकदा खटला होऊन गेलाय का, तिथे पाठवलं तर मारहाण होईल का, जेल माणसाने राहण्यासारखं आहे का. ह्या सगळ्यातून पार पडलं की फाईल होम सेक्रेटरीकडे, त्यांची सही, मग अपील. मल्ल्याच्या केसमध्ये डिसेंबर २०१८ ला मॅजिस्ट्रेट कोर्टाने होकार दिला, फेब्रुवारी २०१९ ला साजिद जाविद यांनी सही केली, एप्रिल २०२० ला हायकोर्टाने अपील फेटाळलं. म्हणजे ज्या जजने खिडकीचा उजेड विचारला त्याच जजने माणूस द्यायला हो म्हटलं, आणि ही दुसरी गोष्ट आमच्या बाररूममध्ये कुणी तितक्या जोरात बोललं नाही.

आता कागदाचं बोलू. आपण हरतो तेव्हा लगेच म्हणतो की ते आपल्या लोकांना आश्रय देतात. काही वेळा ते खरंही असेल. पण गुलशन कुमार यांच्या खुनाची केस घ्या. १२ ऑगस्ट १९९७, अंधेरीत देवळाबाहेर दिवसाढवळ्या गोळ्या घातल्या त्यांना, अख्खी मुंबई हादरली होती. संगीतकार नदीम तेव्हा लंडनमध्ये होते, त्यांच्यावर कटाचा आरोप ठेवून आपण त्यांना मागितलं. खालच्या कोर्टाने आपल्या बाजूने दिलं, पण २००० साली लंडनच्या हायकोर्टाने ते उलटवलं, कारण ज्या साक्षीदारावर सगळं उभं होतं तोच आपलं म्हणणं बदलून बसला होता, आणि कोर्टाने स्पष्ट लिहिलं की हा आरोप सद्हेतूने केलेला दिसत नाही. केवढा अपमान वाटला होता तेव्हा. पण दोनच वर्षांनी, २००२ ला, आपल्याच मुंबईच्या सेशन्स कोर्टात त्या खुनाचा निकाल लागला आणि १९ आरोपींपैकी १८ सुटले. पुढे २०२१ ला आपल्या हायकोर्टाने त्यातल्या अजून एकाला दोषी धरलं, हेही सांगायला हवं. पण बाकीचे सुटले ते सुटलेच. म्हणजे जो कागद लंडनला पटला नाही तो आपल्या जजलाही फारसा पटला नाही. मग इथे पक्षपात कुणाचा? मला विचाराल तर ती तपासाची हार होती, आणि तपासात आपण कुठे कमी पडलो ह्यावर त्यावेळी जितकं बोलायला हवं होतं तितकं आपण बोललोच नाही, सगळा राग परदेशी कोर्टावर काढून मोकळे झालो.

मी स्वतः क्रिमिनल साईडला आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी, बरीचशी कामं विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळालेली, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही त्यांची. चार्जशीट कशी बनते ते रोज बघते. एकाच हस्ताक्षरातले सहा साक्षीदारांचे जबाब, त्यात सहाही जण शब्दाला शब्द तेच बोललेले, तोच पंच तीन वेगवेगळ्या पंचनाम्यांना हजर. आपल्या कोर्टात हे चालून जातं, तारखा पडत राहतात, वर्ष जातात. लंडनच्या जजसमोर असा गठ्ठा गेला तर तो पहिल्या दिवशी विचारणार की सहा माणसं एकच वाक्य कशी बोलतात. खरं तर हा प्रश्न आपल्याही जजने पहिल्याच दिवशी विचारायला हवा ना.

आता जेल. क्रिकेटमधल्या २००० सालच्या मॅच फिक्सिंगचा आरोपी संजीव चावला. २०१७ ला लंडनच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाने पुरावा पुरेसा मानला पण तिहारच्या अवस्थेमुळे पाठवायला नकार दिला. आपण अपील केलं, लेखी हमी दिली की त्याला स्वतंत्र नीट जागा देऊ, सुरक्षित ठेवू, डॉक्टर देऊ. हायकोर्टाने ती हमी मानली आणि फेब्रुवारी २०२० ला तो दिल्लीत आला. शस्त्रांचा दलाल संजय भंडारी, त्याचं मात्र उलट झालं. फेब्रुवारी २०२५ ला लंडनच्या हायकोर्टाने त्याला सोडलं, कारण एक म्हणजे जेलमध्ये पैशासाठी धमक्या आणि मारहाणीचा खरा धोका कोर्टाला दिसला, आणि दुसरं म्हणजे आपल्या काळ्या पैशाच्या कायद्यात हेतू वाईट होता असं आधीच गृहीत धरलं जातं आणि तसं नव्हतं हे आरोपीने सिद्ध करायचं असतं, ते त्यांच्या न्यायाच्या कल्पनेत बसलं नाही. ह्या निकालाचा आधार घेऊन बाकीचे पळालेले आता दार ठोठावणार, आणि ठोठावतायतच.

ह्याहून जुनं दुखणं पुरुलियाचं. डिसेंबर १९९५ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलियात रात्री विमानातून रायफली आणि दारूगोळा खाली टाकला गेला, काही दिवसांनी तेच विमान आपल्या मुंबईत उतरवायला लावलं, विमानातले बाकीचे पकडले गेले आणि ह्या सगळ्यातला मुख्य आरोपी, डेन्मार्कचाच नागरिक किम डेव्ही निसटला तो डेन्मार्कला पोचला. डेन्मार्कच्या कोर्टाने २०११ ला त्याला द्यायला नकार दिला, कारण भारतात छळ होण्याचा धोका आहे. आपण इतके चिडलो की डेन्मार्कशी संबंधच जवळजवळ गोठवले. पुन्हा मागणी केली, हमी वाढवल्या, आणि ऑगस्ट २०२४ ला तिथल्या हिलरॉड शहराच्या कोर्टाने पुन्हा तेच सांगितलं, नाही. जवळजवळ तीस वर्ष झाली.

आणि इथेच मला सगळ्यात जास्त राग येतो, पण तो डेन्मार्कचा नाही. छळाविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार आहे, त्यावर भारताने १९९७ ला सही केली. सही केली, पण त्याला मान्यता अजून दिली नाही. शेजारच्या पाकिस्तानने २०१० ला दिली. आपल्याकडे २०१० ला लोकसभेत छळ प्रतिबंधक विधेयक मंजूर झालं, राज्यसभेत प्रवर समितीकडे गेलं, समितीने अजून कडक केलं आणि मग ते तसंच पडून पडून बाद झालं. २०१७ ला विधी आयोगाने आपल्या २७३ व्या अहवालात सांगितलं की करार मान्य करा, नवीन विधेयकाचा मसुदापण जोडून दिला, आणि असा कायदा नसल्याने आपल्याला बाहेरून माणसं आणताना अडचणी येतात हेही त्यात आलं. त्यालाही किती वर्ष झाली बघा. परदेशी कोर्टात आपला वकील उभा राहून सांगतो की आमच्याकडे छळ होत नाही, आणि समोरचा वकील एकच कागद पुढे करतो की मग ह्यांनी ह्या करारावर नुसती सही करून तो इतकी वर्ष ठेवून का दिलाय. ह्याला उत्तर काय देणार आपला वकील? एक कायदा करायचा आहे फक्त. त्याला काही हजार कोटी लागत नाहीत.

एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी विधी सेवेकडून माझ्याकडे एक पोरगा आला होता, २२-२३ वर्षांचा, मोबाईल चोरीची केस, चौदा महिने आत. जामीन मंजूर झालेला होता हो, पण जामीनदार नव्हता. मी त्याला एका जिल्हा कारागृहात भेटायला गेले, नाव सांगत नाही. जाळीच्या पलीकडे उभा होता तो आणि सारखा डावा खांदा चोळत होता. मी विचारलं मारलं का कुणी? म्हणाला, नाही ताई, झोपून झोपून झालंय. मला कळेना. मग त्याने हाताने दाखवलं, बराकीत सगळे एका कुशीवर झोपतात, एकाचं तोंड दुसऱ्याच्या पाठीला, उताणं झोपायला जागाच नाही, आणि मध्यरात्री रांगेतलं कुणीतरी आवाज देतं तेव्हा सगळी रांग एकदम कूस बदलते. तो संडासाच्या बाजूच्या टोकाला, नवीन माणूस म्हणून सुरुवातीला तिथे टाकला आणि तिथेच राहिला, त्याला कूस बदलली की तोंड संडासाकडे यायचं म्हणून तो बदलायचाच नाही. चौदा महिने एकाच खांद्यावर. त्याच्या दोन तारखांना पोलीस पार्टी मिळाली नाही म्हणून त्याला कोर्टात आणलंच नव्हतं. आई गेटबाहेर चिवड्याची पिशवी घेऊन बसलेली, आत नेऊ देत नाहीत हे माहीत असूनसुद्धा दर वेळी आणायची.

त्या दिवशी एसटीत बसून मी फोनवर बातमी वाचत होते की परदेशी कोर्टाला दिलेल्या हमीत माणशी किमान तीन चौरस मीटर जागा. तीन चौरस मीटर. म्हणजे साधारण सहा फूट बाय साडेपाच फूट. मी एसटीच्या सीटवर बसून मनातल्या मनात मोजत होते की त्या पोराला किती मिळाली असेल.

मेहुल चोक्सीच्या केसमध्ये हीच हमी बेल्जियमला गेली. आर्थर रोड, बराक १२, तीन चौरस मीटर जागा, गादी, उशी, चादर, उजेड, हवा, डॉक्टर. ऑक्टोबर २०२५ ला अँटवर्पच्या अपील कोर्टाने प्रत्यार्पणाला हिरवा कंदील दिला, डिसेंबरमध्ये तिथल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने त्याचं अपील फेटाळलं. नीरव मोदीसाठीसुद्धा हीच बराक. म्हणजे त्या एका बराकीत आपण युरोपातल्या कुठल्याही कोर्टाला दाखवता येईल असं जेल बनवलंय, हे जमतं आपल्याला. आणि त्याच भिंतीच्या आत बाकीच्या बराकींमध्ये काय आहे? आर्थर रोडची मंजूर क्षमता साधारण ८०० ची आणि कित्येक वर्ष आत त्याच्या तीन-चार पट माणसं, त्यातले बहुतेक कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. बँकेचे हजारो कोटी बुडवल्याचा आरोप असलेल्या माणसाला गादी द्या, माझं काही म्हणणं नाही, कच्च्या कैद्याला गादी मिळालीच पाहिजे. पण मग माझ्या त्या पोराला का नाही? त्याने लंडनला पळून जायला हवं होतं का?

म्हणून मी म्हणते की परदेशी जज खिडकी मोजतो तेव्हा तो आपला अपमान करत नाही, आपण स्वतः जे विचारायला हवं ते तो विचारतो. आपल्या सुप्रीम कोर्टाने जेलमधल्या माणसाचे हक्क किती वेळा सांगितलेत. निकाल आपल्याकडे ढिगाने आहेत. अंमल फक्त तिथे होतो जिथे बाहेरचा कुणीतरी बघणार असतो.

काहींना वाटतं हे सगळे हक्कबिक्क म्हणजे श्रीमंतांच्या वकिलांनी काढलेल्या पळवाटा. त्यांना मी नाशिकची आठवण करून देते. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. त्याचे धागे लंडनमधल्या सावरकरांपर्यंत नेऊन मुंबई सरकारने वॉरंट काढलं आणि १३ मार्च १९१० ला लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर त्यांना पकडलं. आता बघा, त्यावेळी इंग्लंडमध्ये परक्या देशांसाठी १८७० चा प्रत्यार्पण कायदा होता, त्यात राजकीय गुन्ह्यासाठी माणूस देता येणार नाही असं कलम होतं. पण हिंदुस्थान परका देश नव्हता ना, साम्राज्याचाच भाग, म्हणून सावरकरांना लावला १८८१ चा पळालेल्या गुन्हेगारांचा कायदा, ज्यात राजकीय गुन्ह्याची ही सूटच नव्हती. त्यांच्या वकिलांनी वरपर्यंत भांडून पाहिलं की तिकडे पाठवणं अन्यायाचं होईल, जुन्या भाषणांसाठीपण खटला भरतायत, आणि इंग्लंडच्या कोर्टांनी ते ऐकलं नाही, तिकडे गेल्यावर कुठल्या कोर्टापुढे उभं करणार ह्यात फार खोल गेले नाहीत. तिकडे म्हणजे मुंबईत होतं स्पेशल ट्रायब्युनल, ज्युरी नाही, वर अपील नाही. दोन जन्मठेपा झाल्या, पन्नास वर्षांची शिक्षा.

आणि मधे मार्सेय. ८ जुलै १९१० ला बोटीतून उडी मारून ते फ्रान्सच्या किनाऱ्याला लागले, म्हणजे परक्या देशात, जिथे कायद्याने त्यांची केस एखाद्या जजपुढे जायला हवी होती. फ्रेंच शिपायाने धरलं आणि काही मिनिटांत परत बोटीवर नेऊन दिलं, ना कागद ना कोर्ट. प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं, आणि फेब्रुवारी १९११ ला लवादाने सांगितलं की देण्यात अनियमितता झाली हे खरं, पण परत करायचं बंधन ब्रिटनवर नाही. सावरकरांच्या राजकारणाबद्दल तुमचं मत काहीही असो, माझंही माझं आहे, पण शाळेत ती उडी शिकताना आपल्या सगळ्यांच्या पोटात गोळा आलेला असतो की अरे, निदान एकदा जजपुढे तरी उभं करायचं होतं. आज जो जज विचारतो की ह्याला राजकीय कारणासाठी मागताय का, तिथे खटला नीट होईल का, तो तेच विचारतो जे १९१० ला कुणी धड विचारलं नाही.

आता सगळ्यात अवघड केस, अबू सालेम. १२ मार्च १९९३ ला मुंबईत २५७ माणसं गेली. सालेम सप्टेंबर २००२ ला लिस्बनला सापडला. पोर्तुगालने लष्करी गुन्हे सोडून बाकी सगळ्यांसाठी फाशी १८६७ लाच बंद केलेली, जन्मठेपही त्यांच्याकडे नाही, सगळ्यात जास्त शिक्षा २५ वर्ष. त्यामुळे तिथलं कोर्ट फाशीच्या शक्यतेवर माणूस देणारच नव्हतं. म्हणून डिसेंबर २००२ ला तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी लेखी शब्द दिला की फाशी नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही. नोव्हेंबर २००५ ला सालेम मुंबईत आला, आणि २०१७ ला बॉम्बस्फोटाच्या केसमध्ये त्याला जन्मठेप झाली.

ह्यावर लोक चिडतात, आणि ज्यांच्या घरातलं माणूस त्या दिवशी गेलं त्यांनी चिडावंच, त्यांना मी काय शिकवणार. पण तो शब्द दिला नसता तर काय झालं असतं? सालेम पोर्तुगालमध्ये त्याची तिथली शिक्षा भोगून मोकळा झाला असता आणि मुंबईच्या कोर्टात तो कधीच उभा राहिला नसता. शब्द दिला म्हणून खटला झाला, साक्षी झाल्या, निकाल लागला. आणि मग आपण त्या शब्दाशी खेळायला लागलो. पोर्तुगालने परवानगी दिली होती त्याच्या बाहेरचे, फाशीपर्यंत जाणारे आरोप लावले गेले, २०११ ला लिस्बनच्या कोर्टाने म्हटलं की भारताने अटी मोडल्या, प्रत्यार्पणच रद्द. शेवटी आपल्यालाच काही आरोप मागे घ्यावे लागले. २०२२ च्या जुलैमध्ये न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि सुंदरेश यांनी सांगितलं की २५ वर्ष पूर्ण झाली की केंद्राने राष्ट्रपतींना शिक्षा माफीचा सल्ला द्यायचा, शब्द म्हणजे शब्द. हा निकाल मला आपल्या सुप्रीम कोर्टाच्या चांगल्या निकालांपैकी वाटतो, कारण उद्या आपण बेल्जियमला किंवा डेन्मार्कला हमी देतो तेव्हा तिथला जज आधी बघणार की पोर्तुगालला दिलेल्या हमीचं ह्यांनी काय केलं. डेन्मार्कने दोनदा विश्वास ठेवला नाही तो काही हवेतून आला नाही.

तहव्वूर राणाची केस ह्याच्या अगदी उलट टोकाची. अमेरिकेत २०११ ला शिकागोच्या ज्युरीने त्याला मुंबई हल्ल्याला मदत केल्याच्या आरोपातून सोडलं होतं, लष्कर-ए-तोयबाला मदत आणि डेन्मार्कमधल्या एका वर्तमानपत्रावर हल्ल्याच्या कटासाठी दोषी धरलं होतं. आपण मागितलं तेव्हा त्याचं म्हणणं होतं की एकाच गोष्टीसाठी दोनदा खटला कसा चालवता. तिथल्या कोर्टांनी २०२३, २०२४ ला सांगितलं की करारातला शब्द गुन्हा असा आहे, कृत्य असा नाही, आणि भारताने लावलेल्या गुन्ह्यांचे घटक वेगळे आहेत. जानेवारी २०२५ ला त्यांच्या सुप्रीम कोर्टाने अर्ज ऐकायलाही नकार दिला आणि १० एप्रिलला तो दिल्लीत उतरला. त्या रात्री मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू, २६/११ ला माझा मामेभाऊ सीएसटीवरून दहा मिनिटं आधी लोकल पकडून निघून गेला होता, आमच्या घरात अजून त्या दहा मिनिटांबद्दल बोलतात. १६६ माणसांचा हिशोब कोर्टात व्हायलाच हवा. पण अमेरिकन कोर्टांची पद्धत अशी आहे की मागणाऱ्या देशातल्या जेलची चौकशी आम्ही करत नाही, ते सरकारने बघावं. राणाने छळाची भीती सांगितली, आजारपण सांगितलं, कोर्टाने त्यात शिरायचं नाकारलं. ही पद्धत आपल्याला सोयीची पडली, पण म्हणून ती बरोबर आहे असं मी म्हणणार नाही. उद्या एखादा मराठी पोरगा शिकायला किंवा नोकरीला तिकडे गेलेला असेल आणि भलत्याच देशाने त्याला मागितलं तर मला वाटेल की जजने त्या देशाचं जेल आतून बघितल्याशिवाय त्याला देऊ नये. ज्याला आपण दोषी समजतो त्याच्यासाठी एक माप आणि आपल्या पोरासाठी दुसरं असं चालत नाही.

एक गोष्ट मात्र बाररूममधल्या त्या सरांच्या बाजूने मांडायलाच हवी. मल्ल्याचं हायकोर्टाचं अपील एप्रिल २०२० ला गेलं, मे मध्ये वरच्या कोर्टात जायची परवानगीही नाकारली, म्हणजे कोर्टाचं काम संपलं. त्यानंतर ब्रिटिश सरकार सांगतंय की एक गोपनीय कायदेशीर बाब बाकी आहे. कसली, किती दिवसांची, कोण बघतंय, काहीच सांगत नाहीत. ह्याला न्याय म्हणता येत नाही. उघड्या कोर्टात खिडकीचा उजेड मोजला ते मला मान्य आहे, पण बंद दाराआड वर्षानुवर्ष फाईल ठेवायची आणि किंगफिशरच्या पगार न मिळालेल्या माणसांनी नुसती वाट बघायची, ह्यावर आपल्या सरकारने दर बैठकीत जाहीरपणे बोलायला हवं. ज्या जजने आपल्याला प्रश्न विचारले तिने निदान निकाल तरी दिला, कारणं लिहून दिला.

बाकी जे आपल्या हातात आहे ते करायला लंडनची परवानगी लागत नाही. छळाविरुद्धचा कायदा संसदेत आणायचा आहे. जामीन होऊनही जामीनदार नाही म्हणून आत पडलेल्यांची यादी प्रत्येक जिल्हा जेलकडे असते, ती दर महिन्याला जजपुढे ठेवून मोकळं करायचं आहे, ह्यानेच बराकी निम्म्या हलक्या होतील असं मला माझ्या कामावरून वाटतं. जबाब लिहिताना रेकॉर्डिंग करायचं, कायद्यात त्याची सोय आहे, ती वापरायची. आणि बराक १२ चे जे नियम परदेशात लिहून पाठवलेत, इतकी जागा, इतका उजेड, गादी, डॉक्टर, ते मराठीत छापून राज्यातल्या प्रत्येक जेलच्या गेटवर लावायचे, म्हणजे मुलाकातीला आलेल्या आईला वाचता येईल की तिच्या पोराला काय मिळायला हवं.

तो पोरगा शेवटी सुटला. त्याच्या गल्लीतल्या एका रिक्षावाल्या काकांनी जामीन राहायचं कबूल केलं. मी गेटवर गेले होते, आई चिवडा घेऊन होतीच, ह्या वेळी पिशवी दोरीने बांधून आणली होती. तो बाहेर आला, बाकावर बसला, आणि आई म्हणाली अरे नीट टेकून बस, तर तो डाव्या बाजूलाच कलला. केस अजून चालू आहे. पुढची तारीख १८ ची आहे.